मॉर्फिन, नॅलोक्सोन आणि रॅट: प्रयोग लावायच्या आधी एकदा हे वाचा

दरवर्षी एखादी ज्युनियर येतेच, ताई, मॉर्फिन (वेदनाशामक) दिलं, लेटन्सी (वेदनेला प्रतिक्रिया द्यायला लागणारा वेळ) वाढली, नॅलोक्सोन (मॉर्फिनचा ब्लॉकर) दिलं, लेटन्सी खाली आली, झालं ना सिद्ध? मी विचारते, नुसतं नॅलोक्सोन दिलेला ग्रुप कुठाय? मग जरा वेळ कुणीच बोलत नाही. "तो कशाला ताई, ते तर ब्लॉकर आहे, एकटं काय करणार." इथेच सगळी गडबड आहे, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या बॅचला लिंक पाठवता येईल.

एक गोष्ट आधीच. मराठीत उंदीर म्हटलं की मोठा रॅट पण आला आणि छोटा माइस पण, पण लॅबमध्ये हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनसारख्या औषधांच्या बाबतीत तर फारच वेगळे. माइसला मॉर्फिन द्या, तो केजच्या कडेकडेने वेड्यासारखा गोल पळत सुटतो आणि शेपूट पाठीवर उभी करतो. रॅटला तोच मोठा डोस द्या, तो पुतळा होऊन बसतो. त्यामुळे माइसचा पेपर वाचून रॅटचा डोस आणि वेळ ठरवू नका. खाली सगळं रॅटबद्दलच आहे, तेही विस्टार जातीचे रॅट डोळ्यासमोर ठेवून, कारण आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये तेच असतात.

कागदपत्रं, पटकन

आयएईसीचं (प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी कॉलेजची कमिटी) अप्रूव्हल हातात नसेल तर रॅटला हात लावायचा नाही. फॉर्म बी, म्हणजे त्या परवानगीचा अर्ज, भरताना ग्रुप किती, प्रत्येकात प्राणी किती आणि का, हे आकड्यानिशी लिहा, "लिटरेचरप्रमाणे" असं लिहिलं की कमिटी परत पाठवते आणि बरोबरच करते. मॉर्फिन १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतं, त्यामुळे लायसन्स, स्टॉक रजिस्टर, कुलूपबंद कपाट, दर एमजीचा हिशोब. ह्या कटकटीला कंटाळून बरेच जण ट्रॅमाडॉल किंवा पेंटाझोसिन ही दुसरी वेदनाशामकं घेतात. ट्रॅमाडॉलही २०१८ पासून त्याच कायद्याखाली आलंय, म्हणजे ती पळवाट राहिली नाही, आणि ह्या दोन्हींची फार्माकोलॉजिकल भानगड वेगळी आहे, त्यावर पुढे बोलते. नुसतं प्रॅक्टिकलपुरतं शिकायचं असेल तर कॉम्प्युटर सिम्युलेशनवर करा ना, त्यात काही कमीपणा नाही, एक प्राणी वाचतो.

नॅलोक्सोन नेमकं करतं काय

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट अडवतात ना, नॅलोक्सोन म्हणजे तो रुमाल. सीट म्हणजे रिसेप्टर, पेशीवरची औषध बसायची जागा. मॉर्फिन सीटवर बसतं आणि गाडी चालू होते, रुमाल सीटवर पडतो पण गाडी काही चालू होत नाही, फक्त दुसऱ्याला बसता येत नाही. आणि गर्दी फार झाली तर रुमाल बाजूला सारून कोणीतरी बसतंच, म्हणजे मॉर्फिनचा डोस वाढवला की ब्लॉक तुटतो, ह्यालाच आपण कॉम्पिटिटिव्ह म्हणतो आणि ग्राफवर डोस-रिस्पॉन्सची रेघ उजवीकडे सरकते, खाली बसत नाही. आता खरी मेख, सीटवर फक्त बाहेरून आलेलं मॉर्फिनच बसत नाही. रॅटच्या मेंदूत त्याचे स्वतःचे पॅसेंजर आहेत, एन्केफॅलिन, एंडॉर्फिन, डायनॉर्फिन. १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये पर्ट आणि स्नायडर यांनी रॅटच्या मेंदूत हे रिसेप्टर दाखवले ते रेडिओअ‍ॅक्टिव्ह नॅलोक्सोन वापरूनच, म्हणजे सीट सापडली ती रुमालामुळे. मग सीट आहे तर निसर्गाने ती कुणासाठी केली, ह्या प्रश्नाचं उत्तर १९७५ मध्ये अ‍ॅबरडीनमधून ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांच्याकडून आलं, एन्केफॅलिन.

त्यामुळे नॅलोक्सोन एकटं दिलं तरी तुम्ही काहीतरी काढून घेताय. दिसेलच असं नाही, पण असतं. १९७४ मध्ये होल्ट्झमनने दाखवलं की उपाशी ठेवलेल्या रॅटला नॅलोक्सोन दिलं की तो कमी खातो. गोड पाणी पिणं तर विशेष कमी होतं. छोटी पिल्लं एकमेकांच्या अंगावर उड्या मारून खेळतात, पाठीवर पाडतात, तो खेळ कमी डोसच्या मॉर्फिनने वाढतो आणि नॅलोक्सोनने कमी होतो, पँक्सेपच्या लॅबचं हे काम फार सुंदर आहे. पायाला शॉक दिल्यावर रॅट गोठून बसतो, ते गोठणं नॅलोक्सोनने वाढतं, हे १९७९ चं फॅन्सेलो आणि बोल्सचं. मजा अशी की शांत बसलेल्या, न घाबरलेल्या रॅटवर टेल-फ्लिक (शेपटीला चटका देऊन ती झटकायला किती वेळ लागतो ते मोजायची चाचणी) करा, नॅलोक्सोन एकट्याने बहुतेक वेळा काहीच फरक पडत नाही. म्हणजे शरीराचं स्वतःचं ओपिऑइड सारखं वाहत नसतं, गरज पडली की सुटतं. आणि गरज कधी पडते, तर तुम्ही त्याला शेपटीला धरून ओढता तेव्हा. लक्षात आलं ना कुठे चाललेय मी?

ग्रुप

चार, चारच्या खाली जाऊ नका. सलाइन-सलाइन, सलाइन-मॉर्फिन, नॅलोक्सोन-सलाइन, नॅलोक्सोन-मॉर्फिन. सगळ्यांना दोन टोचण्या, कारण टोचणं हाच एक ताण आहे आणि एका ग्रुपला एक आणि दुसऱ्याला दोन असं झालं की तुम्ही सुईचा परिणाम मोजताय. रिव्ह्यूअरने तिसरा ग्रुप मागितल्यावर परत प्राणी मागवण्यापेक्षा आधीच ठेवा. आणि सिरिंजवर औषधाचं नाव नको, कोणीतरी दुसऱ्याने ए बी सी डी लिहून भरून द्यायची, किल्ली त्याच्या खिशात. मला माहितीये सगळे म्हणतात आम्ही ब्लाइंड केलं, पण मॉर्फिनचा रॅट तर लांबूनच ओळखू येतो हो, मान्य आहे, तरी स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याला माहीत नसलेलं बरं.

डोस. रॅटमध्ये त्वचेखाली मॉर्फिन ५ एमजी पर केजी, टेल-फ्लिकसाठी नीट परिणाम दिसतो. नॅलोक्सोन १ एमजी पर केजी त्वचेखाली, मॉर्फिनच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. व्हॉल्यूम १ एमएल पर केजी ठेवलं की डोकं शांत राहतं. ५ एमजी पर एमएलचं सोल्यूशन केलं, रॅट २२० ग्रॅमचा, तर ०.२२ एमएल. बस. रोज सकाळी वजन करायचं, मागच्या आठवड्याचं वजन चालणार नाही, वाढत्या वयाचा रॅट आठवड्यात बऱ्यापैकी बदलतो. सॉल्ट की बेस (औषध क्षाराच्या रूपात आहे की मूळ रूपात) हे लेबलवर बघून वहीत लिहा, पेपरमध्ये लोक लिहीत नाहीत आणि मग दोन लॅबचे डोस जुळत नाहीत.

शेपूट गार असेल तर सगळं फुकट

टेल-फ्लिक १९४१ चं, डी'अमोर आणि स्मिथ यांचं. शेपटीवर प्रकाशाची तीव्र तिरीप किंवा तापलेली तार, रॅटने शेपूट झटकली की घड्याळ बंद. हॉट प्लेट १९४४ ची, साधारण ५५ अंश सेल्सियस, पाय चाटला किंवा उडी मारली की वेळ लिहायची. दोन्हीत फरक मोठा आहे. शेपूट झटकणं हा पाठीच्या कण्यातला रिफ्लेक्स, मेंदूशी संबंध तोडला तरी होतो. पाय वर घेऊन चाटणं ह्यात मेंदूला काम आहे, म्हणून हॉट प्लेटवर शिकणं, भीती, सुस्ती सगळं मिसळतं. एकाच रॅटला परत परत प्लेटवर ठेवलं की तो शिकतो आणि पुढच्या वेळी लवकर पाय उचलतो. प्लेटवर दोनपेक्षा जास्त वेळा ठेवायचं असेल तर सलाइन ग्रुपची रेघ कुठे घसरतेय ते बघत राहा.

आता माझी फजिती सांगते. एमफार्मच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबर, सकाळी आठला प्रयोग, अ‍ॅनिमल हाऊसची खिडकी नीट लागत नव्हती, कॉलेजचं नाव विचारू नका. सलाइन ग्रुपच्याच लेटन्सी पाच-साडेपाच सेकंद येत होत्या आणि दुपारी तेच रॅट तीन सेकंदात झटकत होते. मी आठवडाभर मशीनला शिव्या देत बसले, बल्ब बदलला, व्होल्टेज स्टॅबिलायझर आणला. शेवटी अ‍ॅनिमल हाऊसचे मामा म्हणाले, "मॅडम, शेपटी हातात घेऊन बघा की." घेतली. बर्फ. रॅट शरीराची उष्णता शेपटीतून सोडतो, गारठा असला की शेपटीचं रक्त आवळून घेतो, शेपूट गार पडते, मग तिरीप पडल्यावर कातडी दुखण्याइतकी तापायलाच जास्त वेळ लागतो. औषध नाही, काही नाही, नुसती थंडी, आणि ग्राफवर दिसते वेदनाशामक औषधासारखी. त्यावर मॉर्फिन स्वतःच शरीराचं तापमान हलवतं, म्हणजे गोंधळ दुप्पट. तेव्हापासून खोलीचं तापमान वहीत, शेपटीचं तापमान साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने, आणि प्रयोग रोज त्याच वेळेला.

रॅटला रिस्ट्रेनरची (त्याला धरून ठेवायची नळी) सवय आधी तीन-चार दिवस लावा, रोज थोडा वेळ आत, मग बाहेर, काही न करता. नवीन नळीत कोंबलेला रॅट घाबरतो आणि घाबरलेला रॅट स्वतःचं ओपिऑइड सोडतो, मग तुमची बेसलाइनच, म्हणजे औषधाआधीची लेटन्सीच, खोटी. २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या मोगिलच्या ग्रुपने दाखवलं की पुरुषाच्या वासाने, अगदी पुरुषाने घातलेला टीशर्ट शेजारी ठेवला तरी, रॅट आणि माइसला ताण येतो आणि वेदनेची प्रतिक्रिया कमी होते, बाईच्या वासाने तसं होत नाही. आमच्या लॅबमध्ये ह्यावर बरेच दिवस हसत होतो, पण गंमत बाजूला, एका प्रयोगात मोजणारी व्यक्ती एकच ठेवा. सोमवारी अमोल आणि मंगळवारी मी असं नको.

कटऑफ, म्हणजे तिरीप जास्तीत जास्त किती वेळ, ते ठरवा आणि पाळा. बेसलाइन तीन सेकंदांच्या आसपास असेल तर कटऑफ १० सेकंद, त्यापुढे तिरीप बंद, रॅटने झटकली नाही तरी बंद. मॉर्फिनच्या रॅटला दुखत नाही म्हणून तो झटकणार नाही, पण कातडी तर भाजतेय ना. आणि तिरीप रोज त्याच ठिपक्यावर नको, शेपटीवर मार्करने तीन खुणा करून फिरवत राहा.

परिणाम किती टक्के ही आकडेमोड सोपी. चाचणीची लेटन्सी वजा बेसलाइन, भागिले कटऑफ वजा बेसलाइन, गुणिले १००. बेसलाइन ३, मॉर्फिननंतर ८, कटऑफ १०, म्हणजे ५ भागिले ७, साधारण ७१ टक्के. नुसती सरासरी सेकंद देऊ नका, आणि अर्धे रॅट कटऑफला ठोकले असतील तर त्या ग्रुपवर एसडी (आकडे किती पसरलेत त्याचं माप) वगैरे काढून काही अर्थ नाही, डोस कमी करा.

आता मशीनवरून नजर काढा

हा भाग कोणी शिकवत नाही आणि मला सगळ्यात जास्त आवडतो. मॉर्फिन दिल्यावर केजसमोर पाऊण तास नुसतं बसा, मोबाइल बाहेर ठेवून.

मोठ्या डोसला, म्हणजे १० एमजी पर केजी आणि वर, पंधरा-वीस मिनिटांत रॅट जिथे आहे तिथे थांबतो. डोळे उघडे, जरा बाहेर आल्यासारखे. झोपला नाहीये. पोट जमिनीला, अंग लाकडासारखं ताठ. पाठीवर उताणा ठेवला तर तसाच पडून राहतो, पाय वर करून. मामांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "गेला की काय हा, मॅडम?" मी म्हटलं नाही मामा, छाती बघा हलतेय. मग पेनाने केजवर टक केलं, आणि हा ताठ पुतळा एकदम सुसाट पुढे पळाला आणि भिंतीला नाक लावून परत पुतळा.

हे हॅलोपेरिडॉलच्या (मानसिक आजारावरचं औषध) कॅटालेप्सीपेक्षा, म्हणजे ठेवलं तसंच राहण्यापेक्षा, एकदम वेगळं आहे आणि व्हायव्हात हमखास विचारतात. हॅलोपेरिडॉलचा रॅट बारवर पुढचे पाय ठेवला तर तसाच उभा राहतो, बाजूने हळू ढकललंत तर तो पाय रोवून तुमच्याविरुद्ध जोर लावतो, पडू नये म्हणून. मॉर्फिनच्या रॅटला ढकला, तो जोर लावतच नाही, ताठच्या ताठ सरकत जातो. एकाला तोल सांभाळायचं भान आहे पण चालता येत नाही, दुसऱ्याला तोलाचं पडलेलंच नाही पण मध्येच पळत सुटतो. हातानेच कळतं, मशीन लागत नाही. १९८० च्या सुमाराला ह्यावर व्यवस्थित अभ्यास झालेत. नॅलोक्सोन दिलं की दुसरा बघता बघता नॉर्मल, कान हलवतो, मिशा चालू होतात, अंग चाटायला लागतो. पहिल्याला नॅलोक्सोनने काही फरक पडत नाही.

आणि थांबा, उठून जाऊ नका. नॅलोक्सोन न दिलेला मॉर्फिनचा रॅट दोन-एक तासांनी सुस्तीतून बाहेर येतो आणि मग उलट होतो, फिरायला लागतो, सारखं हुंगतो, केजची जाळी किंवा बेडिंगचा भुसा कुरतडतो. एकाच औषधाची दोन तोंडं, आधी बसवतं मग पळवतं. तीस मिनिटांनी ओपन-फिल्डमध्ये (हालचाल मोजायची मोकळी पेटी) ठेवून "मॉर्फिनने हालचाल कमी होते" लिहिणारा आणि तीन तासांनी ठेवून "वाढते" लिहिणारा, दोघंही बरोबर असतात. अगदी कमी डोस दिला तर पहिला टप्पा जवळजवळ दिसतच नाही, हालचाल वाढलेलीच दिसते. रोज देत राहिलात तर सुस्तीची सवय होते पण पळण्याची होत नाही, ती उलट वाढत जाते. तेव्हा टॉलरन्स (औषधाची सवय होऊन परिणाम कमी होणं) आला असं एका वाक्यात लिहू नका, कशाला आला ते लिहा.

भुसा खाण्याबद्दल अजून एक. रॅटला उलटी करताच येत नाही. मळमळलं की तो माती, भुसा, कागद असलं काहीतरी खातो, ह्याला पायका म्हणतात आणि मॉर्फिनने तो होतो. ऑपरेशननंतर ब्युप्रेनॉर्फिन (हेही ओपिऑइडच) दिलेले रॅट पण बेडिंग खातात. म्हणून "भूक वाढली" लिहिण्याआधी नक्की काय खाल्लं ते बघा.

केजखालचा कागदही बघा. कापा रिसेप्टरवर (ओपिऑइड रिसेप्टरचे मुख्य प्रकार म्यू, डेल्टा, कापा) काम करणारी औषधं रॅटला भरपूर लघवी करायला लावतात, कागद चिंब होतो. मॉर्फिन उलट लघवी कमी करतं. नुसता ओला कागद बघून औषध कुठल्या रिसेप्टरकडे जातंय ह्याचा अंदाज येतो, फुकटात.

नॅलोक्सोन लवकर उतरतं

सगळ्यात नेहमीची चूक. नॅलोक्सोन रॅटमध्ये अर्ध्या-पाऊण तासात बरंचसं निघून जातं, मॉर्फिन अजून आत असतं. म्हणजे रुमाल वाऱ्याने उडाला आणि पॅसेंजर दारातच उभा होता. तीस मिनिटांनी मोजलं, पूर्ण ब्लॉक. नव्वद मिनिटांनी मोजलं, लेटन्सी परत वर. मग कोणीतरी डिस्कशनमध्ये लिहितं की "नॅलोक्सोनने अंशतः ब्लॉक झालं म्हणून दुसरा मार्ग असावा". नाही हो, घड्याळ असावं. जास्त वेळ लागणारा प्रयोग असेल तर नॅलोक्सोन परत द्या किंवा नाल्ट्रेक्सोन घ्या, ते जास्त टिकतं. माणसांतही हेच होतं, ओव्हरडोसचा पेशंट नॅलोक्सोनने उठून बसतो आणि थोड्या वेळाने परत श्वास मंदावतो, म्हणून त्याला लगेच घरी सोडत नाहीत.

डोसचंही तसंच. ०.१ ते १ एमजी पर केजीला नॅलोक्सोन मुख्यतः म्यू रिसेप्टरवर असतं. ५-१० ला गेलात की डेल्टा, कापा सगळीकडे. मोठा डोस देऊन म्यू सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. नेमका रिसेप्टर हवाच असेल तर डेल्टासाठी नाल्ट्रिंडोल आहे, कापासाठी नॉर-बीएनआय. हे नॉर-बीएनआय मात्र चिवट, एका डोसचा ब्लॉक कित्येक आठवडे राहतो, ते दिलेला रॅट दुसऱ्या प्रयोगाला वापरलात तर वाट लागली. परिणाम मेंदूतला की आतड्यातला असं विचारायचं असेल तर नॅलोक्सोन मेथायोडाइड किंवा मेथिलनाल्ट्रेक्सोन, ते मेंदूत फारसं जात नाहीत. मॉर्फिनने रॅटचं बद्धकोष्ठ होतं, चारकोल पाजून तो आतड्यात कुठवर पोचला ते मोजतात, तिथे हे ब्लॉकर छान काम करतात आणि शेपटीवरचा परिणाम तसाच राहतो. अजून एक भारी कंट्रोल म्हणजे नॅलोक्सोनचाच आरशातला भाऊ, प्लस-नॅलोक्सोन, तो ओपिऑइड रिसेप्टरवर जवळजवळ बसतच नाही. त्यानेही तुमचा परिणाम गेला तर समजा की तो परिणाम ओपिऑइडचा नव्हता.

आता ट्रॅमाडॉल-पेंटाझोसिनवाल्यांसाठी. ट्रॅमाडॉलचं अर्धंच काम म्यू रिसेप्टरवर आहे, बाकीचं नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन परत शोषू न देण्यातून. नॅलोक्सोनने ते अर्धवटच उलटणार, तुमचा हात चुकला नाहीये. पेंटाझोसिनचा जोर कापाकडे, त्याला उलटवायला नॅलोक्सोन जास्त लागतं. आणि तुमच्या काढ्याची किंवा झाडपाल्याच्या एक्स्ट्रॅक्टची तुलना ह्यांच्याशी करताय (निम्मे एमफार्म थिसिस तेच असतात) तर "नॅलोक्सोनने उलटलं म्हणून एक्स्ट्रॅक्टमध्ये ओपिऑइड आहे" हे वाक्य खोडा. एक्स्ट्रॅक्ट पोटात टोचल्यावर आग होऊन रॅटला ताण आला, ताणाने त्याचं स्वतःचं एन्केफॅलिन सुटलं, तेही नॅलोक्सोनने उलटतंच की.

रोज देणार असाल तर खोली बदलू नका

टॉलरन्सचा प्रयोग दहा दिवस चालला आणि शेवटच्या दिवशी "मोठी खोली मिळाली" म्हणून रॅट तिकडे नेले, असं करू नका. १९८२ मध्ये मॅकमास्टर विद्यापीठातल्या सीगलने हेरॉइनची सवय लावलेल्या रॅटना शेवटी मोठा डोस दिला. ज्यांना नेहमीच्याच खोलीत दिला त्यातले साधारण ३२ टक्के मेले, ज्यांना अनोळखी खोलीत दिला त्यातले ६४ टक्के, आणि ज्यांना आधी हेरॉइन माहीतच नव्हतं त्यातले ९६ टक्के. औषध तेच, डोस तोच. खोलीच्या खुणा बघून शरीर आधीच तयारीला लागतं, खुणा बदलल्या की तयारी नाही. केजचंही तसंच, व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडरच्या ग्रुपने सत्तरच्या दशकाच्या शेवटी एकटे ठेवलेले आणि मोठ्या जागेत मित्रांसोबत ठेवलेले रॅट यांना गोड मॉर्फिन पाणी दिलं, एकटे रॅट जास्त प्यायले. पुढे हा प्रयोग परत करताना निकाल इतका ठळक आला नाही, त्यामुळे सोशल मीडियावर फिरतो तसा तो ब्रह्मवाक्य म्हणून वापरू नका, पण एका केजमध्ये किती रॅट होते हे मेथड्समध्ये लिहा.

विथड्रॉअल (सवयीचं औषध तुटल्याचा त्रास) बघायचा तर मॉर्फिनची सवय लागलेल्या रॅटला नॅलोक्सोन द्यायचं आणि पुढचा अर्धा तास मोजत बसायचं. पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतं. पाण्यातून बाहेर आलेला कुत्रा डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडतो ना, तसं कोरडा रॅट झाडतो, ह्यालाच वेट डॉग शेक. दात कडकड, ते दिसण्याआधी ऐकू येतात, म्हणून पंखा बंद ठेवा. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, डोळ्यातून पाणी, हगवण, अंगाला हात लावला की किंचाळणं. उड्या मारणं माइसमध्ये जास्त, रॅटमध्ये कमी, त्यामुळे फक्त उड्या मोजू नका. गेलर्ट आणि होल्ट्झमनची १९७८ ची स्कोअरशीट अजून चालते, काही गोष्टी मोजायच्या, काही फक्त आहे-नाही. वजन आधी, नंतर आणि दुसऱ्या दिवशी. माझ्या मते सगळ्या लक्षणांत वजनच सगळ्यात प्रामाणिक, कारण तराजूला कोणता ग्रुप ते माहीत नसतं.

प्लेस प्रेफरन्सबद्दल थोडंच, कारण तो वेगळाच विषय आहे. दोन खोल्यांची पेटी, एकीत मॉर्फिन एकीत सलाइन, काही दिवसांनी औषध न देता मोकळं सोडायचं, रॅट मॉर्फिनवाल्या बाजूला जास्त बसतो. नॅलोक्सोनवाल्या खोलीत तो जात नाही, टाळतो, मॉर्फिन कधीच न घेतलेला रॅटसुद्धा मोठ्या डोसला टाळतो, आणि सवयीच्या रॅटला तर अगदी चिमूटभर नॅलोक्सोन पुरतं. नुसता ब्लॉकर दिला तरी त्याला ती जागा नकोशी होते, म्हणून तो तिसरा ग्रुप.

प्रयोग संपला की लगेच पळू नका. मॉर्फिनचे रॅट सुस्तीत असतात तोवर पाण्याच्या बाटलीपर्यंत जात नाहीत आणि अंग गार पडतं, केज उबेला ठेवा, ओला चारा खाली ठेवा. सगळ्यांच्या शेपट्या बघा, लाल चट्टा असेल तर तो रॅट उद्या नाही. उरलेलं मॉर्फिन मोजून रजिस्टरला, साक्षीदाराची सही त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी आठवून केलेली नाही. ए बी सी डी ची किल्ली उघडायची ती सगळे आकडे शाईने लिहून झाल्यावर, आणि जाताना खिडकी नीट लागलीये का तेवढं बघून जा.